समोरच्या किटलीचं बूड

चौकातल्या थोरलीची कॉफी इतकी कडक होती, की तिच्या किटलीच्या वाफेतून उडालेलं कबुतर पुन्हा झोपत नसे. खोटं वाटत असेल तर शिंप्याला विचारा. त्याच्या दुकानाच्या पन्हळीवर अशी तीन कबुतरं गेली चार वर्षं टक्क जागी बसून आहेत, असं तो शपथेवर सांगतो. आणि शिंपी माणूस कापड सोडलं तर दुसऱ्या कशात एक बोटसुद्धा मारत नाही.

थोरली म्हणजे थोरली जाऊ. तिला दुसरं नाव असेल तर ते कागदोपत्री असेल, चौकात कुणाला ठाऊक नव्हतं. समोरच्या कोपऱ्यावर तिची धाकटी जाऊ, आणि तीही कॉफीच विकायची. दोघींच्या मध्ये वीस पावलांचा रस्ता होता आणि बावीस वर्षांचा अबोला. आता अबोला म्हणजे बोलणं अगदीच बंद होतं असं नाही. ते गिऱ्हाइकाच्या खांद्यावरून चालायचं. थोरली पेला भरता भरता म्हणायची, "काही लोकांची कॉफी प्यायल्यावर चूळ भरावी लागते हो." गिऱ्हाईक रस्ता ओलांडेपर्यंत वाक्य तिकडे पोचलेलं असायचं, आणि परत येताना उत्तर घेऊन यायचं: "काहींची चुळीसाठीच वापरतात." दोघींचे नवरे सख्खे भाऊ. ते शिंप्याच्या दुकानामागे रोज दुपारी गुण्यागोविंदाने पत्ते खेळायचे आणि संध्याकाळी घरी जाऊन आपापल्या बायकोच्या बाजूने व्हायचे.

ह्या सगळ्याचं मूळ होतं थोरलीच्या हातातली किटली. तांब्याची, आतून कल्हई केलेली. मांजर रागावल्यावर शेपूट उभारतं, तशी तिची तोटी. झाकण, मूठ, तोटी, गळा, पोट आणि बूड असे सहा भाग डाख लावून जोडलेले. नवऱ्याच्या पणजोबांपासून ती ह्याच चौकात, ह्याच पदपथावर उकळत होती. पोटाच्या डाव्या अंगाला तळहाताएवढा पोचा होता, आणि त्या पोच्यावर थोरलीचा अर्धा धंदा चालायचा. नवऱ्याच्या आजोबांनी म्हणे उधळलेला घोडा ह्याच किटलीने आडवा केला होता. थोरली लग्न होऊन आली तेव्हा घोडा एकच होता. पुढे त्याला गाडी जोडली गेली, मग गाडीत एक बाळंतीण बसली, आणि हल्ली हल्ली घोडे चार झाले होते नि बाळंतिणीला जुळं. गिऱ्हाईक पोच्यावरून बोट फिरवायचं आणि नकळत दुसरा पेला मागायचं.

बावीस वर्षांपूर्वी सासूबाईंचे गुडघे गेले. त्यांनी दोन्ही मुलांना, दोन्ही सुनांना आणि साक्षीला शिंप्याला बोलावलं, नि किटली थोरलीच्या हातात ठेवली. "ही घे. सांभाळ," एवढंच म्हणाल्या. धाकटीकडे बघितलंसुद्धा नाही. त्या दिवशी थोरली दोन बोटं उंच झाली, असं शिंपी सांगतो, आणि मापाच्या बाबतीत त्याचा शब्द मानायला हवा. धाकटीने रडारड केली नाही. तिने कानातली विकली, घरच्याच जुन्या कल्हईवाल्याकडून हुबेहूब तशीच नवी किटली घडवून घेतली, समोरच्या कोपऱ्यात शेगडी मांडली आणि वर पाटी टांगली: "वारसा नाही, चव आहे."

असं सगळं सुरळीत, म्हणजे रीतसर भांडत, चाललं होतं. मग चौकात नवी फरशी बसवायचं ठरलं.

फरशी बसणार म्हणजे गाड्या, शेगड्या, बाकडी सगळी उठणार. विक्रेत्यांनी बसथांब्यामागच्या मोकळ्या जागेत जावं, असा हुकूम निघाला. बसथांब्यामागे कॉफी विकणं म्हणजे स्मशानात कंगवे विकणं. तिथे माणूस पोचतो तेव्हा त्याला कशाचीच घाई उरलेली नसते. मात्र चौकाची शान म्हणून पाच पक्के ठेले राहणार होते, वर छप्पर, आत नळ, दाराला कुलूप. कॉफीसाठी त्यांतला एक. तो ज्याचं भांडं चार पिढ्यांचं असेल त्याला. भांडं खरं न निघालं तर तोच ठेला जाणार होता आइस्क्रीमच्या गाडीवाल्याला, ज्याचा भोंगा ऐकून पोरं धावत येत आणि म्हातारे धावत जात.

थोरलीने अर्ज भरला तेव्हा तिच्या मनात शंकेची टाचणीसुद्धा नव्हती. "किटलीच्या बुडाला कारागिराची खूण आहे, तीन टिंबं आणि चंद्रकोर," असं तिने शिंप्याकडून ठळक अक्षरात लिहून घेतलं. तांबटांच्या जुन्या वहीत तीच खूण, तेच घराणं नोंदलेलं सापडलं होतं. आता नुसतं येऊन बघायचं बाकी होतं.

बघायला आल्या त्या तपासनीस बाई. अंगाने काटकुळ्या, एक चष्मा नाकावर नि एक डोक्यावर. त्यांनी आधी एक पेला कॉफी घेतली, मग घोड्यांची गोष्ट ऐकून घेतली. बाई सरकारी होत्या म्हणून थोरलीने घोडे पाच केले होते. गोष्ट संपल्यावर बाई म्हणाल्या, "छान. आता उलटी करा."

"काय?"

"किटली. बूड बघायचंय."

थोरलीने किटली छातीशी धरली. "किटली उलटी करत नाहीत, बाई."

"का?"

"धंदा बसतो. आमच्या लाइनीत धनी मेला तरच उलटी ठेवतात."

"मग काजळी कोण काढतं?"

"कल्हईवाला. त्याच्या दुकानात. आम्ही तिकडे बघतसुद्धा नाही."

"म्हणजे खूण तुम्ही पाहिलेली नाही."

"मी कशी पाहीन? सासूबाईंनी सांगितलंय. त्यांना त्यांच्या सासूबाईंनी."

"चार पिढ्यांत कुणीच पाहिली नाही?"

"देवाला तरी कुणी पाहिलंय?" शिंपी दारातून म्हणाला. बाईंनी त्याच्याकडे पाहिलं, तसा तो काजं करायला लागला.

बाईंनी मनगटावरचं घड्याळ दाखवलं. साडेदहा वाजले होते आणि यादी बाराला बंद व्हायची होती. थोरलीने कॉफी दुसऱ्या भांड्यात ओतली, तोंड भिंतीकडे फिरवलं, आणि हात लांब करून किटली देऊन टाकली. पाठीमागे वाळू नि ओला फडका घासल्याचा आवाज येत राहिला. मग आवाज थांबला. नको तितका वेळ थांबला.

"इथे काही नाही," बाई म्हणाल्या.

थोरलीला वाटलं, बाईंनी चुकीचा चष्मा लावलाय. तिने वळून त्यांच्या डोक्यावरचा काढला आणि त्यांच्या हातात दिला. बाईंनी तोही लावून पाहिला. मग थोरलीने आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या किटलीच्या बुडाकडे पाहिलं. बूड तान्ह्या बाळाच्या कपाळासारखं गुळगुळीत होतं. टिंब नव्हतं, कोर नव्हती, साधा ओरखडासुद्धा नव्हता.

ती शेगडीशेजारच्या डब्यावर बसली. डबा साखरेचा होता आणि झाकण उघडं होतं, हे तिला उठेपर्यंत कळलं नाही.

"मला कॉफीच्या नावावर काट मारावी लागेल," बाई म्हणाल्या. त्यांना वाईट वाटत होतं. लेखणीचं टोपण काढायला त्यांनी बराच वेळ घेतला, आणि त्या वेळात त्यांची नजर समोर गेली. "ती पण तशीच दिसते की. तीच घडण. ती कुणाची?"

"ती नवी आहे," थोरली म्हणाली. आवाज तिचाच होता, पण विहिरीतून आल्यासारखा. "बावीस वर्षांची. तिला काय बघायचंय."

बाई तरीही रस्ता ओलांडून गेल्या. मागोमाग शिंपी, त्याच्यामागे पेले हातात घेऊन गिऱ्हाइकं, सगळ्यात शेवटी थोरली. बावीस वर्षांत तिचं पाऊल त्या फुटपाथवर पडलं नव्हतं. धाकटी सामान बांधत होती. तिने अर्जच केला नव्हता. कशाच्या जोरावर करणार?

"उलटी केली तर चालेल?" बाईंनी विचारलं.

"माझं दुकान आजच उठतंय," धाकटी म्हणाली. "उलटी करा, नाहीतर सुलटी करा. तळून खाल्लीत तरी हरकत नाही."

बाईंनी वाळू घेतली. घासता घासता त्यांचा हात सावकाश झाला. त्यांनी आधी नाकावरचा चष्मा नीट बसवला, मग दुसरा त्याच्यावर चढवला, आणि किटली लोकांकडे फिरवली.

तीन टिंबं. त्यांच्या कडेला, नखाने कोरल्यासारखी, चंद्रकोर.

आता खरं सांगायचं तर चौकात त्या क्षणी काय झालं ह्याबद्दल मतभेद आहेत. शिंपी म्हणतो, पन्हळीवरची तिन्ही कबुतरं भोवळ येऊन पडली. थोरलीला मात्र फक्त एवढंच आठवतं, की धाकटीने किटलीकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं, आणि तिच्या चेहऱ्यावर आनंद नव्हता. चोरी अंगावर आलेल्या माणसाचा चेहरा होता तो. पण चोरीच केली नसेल तर माणूस असाच दिसतो, हे थोरलीला तेव्हा सुचायला हवं होतं.

"चोरली," थोरली म्हणाली.

"ह्यांना सांगा," धाकटी शिंप्याला म्हणाली, "मी ह्यांच्या पेल्याला कधी हात लावला नाही, किटली कुठली चोरू."

"तिला सांगा, मग ती चालत आली का?"

"ह्यांना सांगा, सारखं उरावर घेऊन बसतात तर गेली कशी तेवढं ह्यांनीच सांगावं."

"मी कुणाकुणाला काय काय सांगू?" शिंपी म्हणाला. "दोन्ही किटल्या कल्हईला जातात एकाच माणसाकडे. त्याला आणा."

कल्हईवाला तीन गल्ल्या पलीकडे बसायचा. म्हातारा, काळा, नि इतका वाळलेला की भाता ओढताना भाता कोणता नि तो कोणता हे जवळ जाऊनच कळायचं. त्याला आणलं तेव्हा त्याने गर्दी पाहिली, उलट्या ठेवलेल्या दोन किटल्या पाहिल्या, आणि खाली बसून डोक्याला हात लावला.

"बाई गेल्या त्याच वेळी सांगायला हवं होतं," तो म्हणाला.

"कोणत्या बाई?" तपासनीस बाईंनी विचारलं.

"ह्यांच्या सासूबाई."

थोरलीने आपली किटली उचलून काखेत घेतली.

मग कल्हईवाल्याने जे सांगितलं ते असं. वाटणी झाली त्याच्या दुसऱ्याच दिवशी सासूबाई काठी टेकत त्याच्या दुकानात आल्या. म्हणाल्या, थोरलीला मी सगळ्यांसमोर दिली, कारण किटली चारचौघांत कापून देता येत नाही. पण सुना मला दोन आहेत. धाकटी तुझ्याकडे नवी करून मागेल, ती ह्याच मापाची कर. दोघी कल्हईला तुझ्याकडेच येणार. दर तीन-चार वर्षांनी एकेक भाग हळूच बदल. हिचा तिला, तिचा हिला. दोघींना कळता कामा नये. मी थांब म्हणेन तेव्हा थांब.

"आधी झाकणं बदलली," कल्हईवाला म्हणाला. "मग मुठी. मग तोट्या. अकरा वर्षं गेली. अर्धी-अर्धी झाली. मी म्हटलं, आता बाई येतील, थांब म्हणतील. तर बाईच गेल्या."

"मग?"

"मग काय. शब्द दिलेला. थांब म्हणणारं कुणी राहिलं नाही. गळा बदलला. पोट बदललं. दोन वर्षांपूर्वी बूड."

जमलेले सगळे मनातल्या मनात बोटं मोजत होते. झाकण, मूठ, तोटी, गळा, पोट, बूड. सहाच्या सहा.

"म्हणजे," तपासनीस बाई सावकाश म्हणाल्या, "ह्यांची सगळी त्यांच्याकडे. आणि त्यांची सगळी ह्यांच्याकडे."

"ह्या खेपेपासून परत उलट सुरू करणार होतो," कल्हईवाला म्हणाला. "झाकणापासून."

थोरलीला एकदम काहीतरी आठवलं. बुडत्याने काडी धरावी तसं तिने ते धरलं. "पोचा," ती म्हणाली. "पोट बदललं म्हणतो, मग माझ्या किटलीला पोचा आहे तो कुठून आला?"

कल्हईवाल्याने मान खाली घातली. "मी मारला. लाकडी हातोडीने. तिसऱ्या ठोक्याला जमला."

"आणि माझ्या पोटाला पोचा पाडून दिलास तो?" धाकटीने विचारलं. "मी तुला पंधरा दिवस शिव्या घातल्या, तू काही बोलला नाहीस."

"तो पाडलेला नव्हता. तो असली."

थोरलीने डोळे मिटले. पोट बदलून सहा वर्षं झाली होती. सहा वर्षं ती तीन ठोक्यांच्या पोच्यावर माणसांची बोटं फिरवत होती. एक घोडा सोडून बाकीचे सगळे ह्या सहा वर्षांतच जन्माला आले होते. आणि असली पोचा समोरच्या कोपऱ्यात, भिंतीकडे तोंड करून, लाज वाटते म्हणून लपवून ठेवलेला होता.

तपासनीस बाईंनी फाइल उघडली. अशा वेळी फाइल उघडल्यावर माणसाला बरं वाटतं. "हे बघा, कायद्याने सोपं आहे. किटली वाटणीत तुम्हाला मिळाली," त्या थोरलीला म्हणाल्या. "तुमच्या माघारी भाग काढून दुसरीकडे गेले. तसं लिहून द्या, खाली सही करा, भांडं तुम्हाला परत मिळेल आणि ठेला तुमचा. साडेअकरा झालेत."

"द्या तिला," धाकटी म्हणाली. पहिल्यांदाच तिचा आवाज चढला. "मला नकोच ती. मी कानातली विकून घेतलेली किटली मला द्या. बावीस वर्षं मी लोकांना सांगतेय, माझ्याकडे कुणाचं काही नाही, जे आहे ते माझं. पाटी वाचा. आणि आता म्हणता सासूबाईंच्या किटलीतली कॉफी विकत होते. माझी कुठंय? ती द्या."

तिची होती थोरलीच्या काखेत. थोरलीने द्यायला म्हणून हात पुढे केला, आणि हात पुढे जाईना. दोन वर्षांत असो की सहा, तिने तिला रोज सकाळी राखेने उजळलं होतं. कुठे धरली की चटका बसत नाही हे तिच्या बोटांना पाठ होतं. समोरची सोडवत नव्हती आणि हातातली देववत नव्हती. खाष्ट बाईच्या दोन्ही डोळ्यांत एकदम कचरा जावा, तसं झालं.

मग ती कागदाकडे वळली. शिंप्याने रस्त्यापलीकडे आपल्या दुकानात नेऊन टेबलावर जागा करून दिली, लेखणी दिली. तिने लिहायला घेतलं: माझी किटली फसवून. इथपर्यंत आलं. पुढे कुणी फसवून ते लिहायचं होतं. कल्हईवाल्याने म्हणावं, तर तो हुकमाचा ताबेदार. धाकटीने म्हणावं, तर तिला बापडीला पोचा कुणाचा तेही माहीत नव्हतं. राहिलं एकच नाव.

शेवटची तीन वर्षं सासूबाई अंथरुणावर होत्या. थोरलीनेच केलं सगळं. पहाटे पहिला पेला त्यांना जायचा, आणि पेला हातात घेताना त्या रोज एकच विचारायच्या, "समोर गर्दी असते का गं?" थोरली मोठ्या खुशीने सांगायची, "काळं कुत्रं नसतं, आई." तिला वाटायचं, आईंना बरं वाटावं म्हणून हे सांगायचं असतं. आई पेला तसाच धरून बसायच्या, निवेपर्यंत. आत्ता, शिंप्याच्या टेबलावर, चिंध्यांच्या ढिगाशेजारी बसल्यावर तिला कळलं की ती म्हातारीला बरं वाटू देत नव्हती. रोज सकाळी, पहिल्या पेल्याबरोबर, तीन वर्षं.

आणि दुसरंही कळलं. बावीस वर्षं ती ज्या गोष्टीवर दोन बोटं उंच उभी होती, ती गोष्ट झालीच नव्हती. सासूबाईंनी तिला निवडलं नव्हतं. त्यांनी कुणालाच निवडलं नव्हतं.

पावणेबारा झाले. रस्त्याच्या टोकाला आइस्क्रीमच्या गाडीचा भोंगा वाजला. गाडीवाला वेळेआधीच येऊन उभा राहिला होता, आणि चालवण्याच्या जागेवरून मान लांब करून बघत होता.

थोरलीने कागद चुरगळला. उठली. रस्ता ओलांडला, धाकटीच्या समोर जाऊन उभी राहिली, आणि मध्ये शिंपी, गिऱ्हाईक, नवरा, कुणी नसताना तिच्या तोंडाकडे बघून म्हणाली, "तोटी कुठली घेतेस?"

बावीस वर्षांनी निघालेलं पहिलं वाक्य. जमलेल्या लोकांना ते समजलं नाही. धाकटीला समजलं.

"तोटी तुम्ही घ्या, जाऊबाई," ती म्हणाली. "ती ठिबकते. पण मूठ देणार नाही. मूठ माझ्या हाताला बसलीय."

"मूठ ठेव. बूड मला हवं."

"बूड घ्या. गळा मात्र माझ्याकडे राहू दे. दोन-दोन झाले की."

"दोन तुझे, दोन माझे, बरोबर. झाकण मला. मग पोट तुझ्याकडे राहतं."

"मला नको ते पोचकं पोट. लोक विचारतात, कुठे आपटली म्हणून."

"विचारू देत. गोष्ट मी सांगेन. तू नुसती किटली फिरवून धर."

"किती घोडे सांगणार?"

थोरलीने विचार केला. "दोन," ती म्हणाली. तिच्या बाजूने ही फार मोठी तडजोड होती.

कल्हईवाल्याला हाताला धरून पदपथावर बसवलं. धाकटीच्या शेगडीतले निखारे त्याच्यापुढे ओतले. भाता आणायला वेळ नव्हता, तेव्हा शिंप्याने आपला इस्त्रीचा पंखा दिला आणि दोघा भावांच्या बायका दोन्ही बाजूंनी वारा घालायला बसल्या. दोन्ही भाऊ पत्ते तसेच हातात धरून बघत होते. बावीस वर्षं जे काम म्हाताऱ्याने दाराला आतून कडी लावून केलं, ते त्याने त्या दिवशी भर चौकात बावीस नव्हे, दहा मिनिटांत केलं. डाख वितळला, बुडं सुटली, झाकणं आणि तोट्या इकडच्या तिकडे गेल्या. एकदा त्याच्या हातात दोन्ही बुडं होती आणि कुठलं कुठे हे तो क्षणभर विसरला. दोघी एकदम म्हणाल्या, "चंद्र इकडे."

बाराला दोन मिनिटं असताना दोन किटल्या तपासनीस बाईंपुढे ठेवल्या गेल्या, गरम, काळ्या नि पाण्याचे थेंब चरचरत असलेल्या.

"आता जुनी कोणती?" बाईंनी विचारलं.

"बूड, झाकण नि तोटी माझ्याकडे," थोरली म्हणाली. "मूठ, गळा नि पोट तिच्याकडे. जुनी एकच आहे, ती दोन ठिकाणी आहे."

"असा रकाना नाही माझ्याकडे."

"करा की," धाकटी म्हणाली.

बाईंनी दोन्ही चष्मे काढून डोळे चोळले. मग लिहिलं: किटली एक, भांडी दोन, वारसदार जावा. आणि भोंग्याच्या दिशेने नकाराचा हात केला.

पंधरा दिवसांनी ठेला तयार झाला. छप्पर होतं, नळ होता, कुलूप होतं. लांबी सात फूट आणि रुंदी पाच. किल्ली घ्यायला दोघी गेल्या आणि दारात उभ्या राहून आत बघू लागल्या. दोन शेगड्या मावत होत्या. दोन बाया मावतील की नाही हे सांगता येत नव्हतं. नळ एकाच कोपऱ्यात होता, आणि सकाळचं ऊन दुसऱ्या कोपऱ्यात यायचं. नळाचा कोपरा कुणाचा, ह्यावर काहीही न बोलता दोघींनी पुष्कळ विचार केला.

"उद्या सहाला उघडू," थोरली म्हणाली.

"मी साडेपाचला येईन," धाकटी म्हणाली. "झाडून-पुसून ठेवते. तुम्ही या सावकाश, जाऊबाई."

"ये हो," थोरली म्हणाली, आणि घरी जाताना वाटेत घड्याळजीच्या दुकानात शिरून गजराचं घड्याळ विकत घेतलं नि त्यात सव्वापाचचा गजर लावून घेतला.